एका सळईचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात. कोणी किती अश्वशक्तीचे यंत्र बसविले, ताशी शंभर मैलांची सीमा प्रथम कोणी ओलांडली, याच्या हकीकती रंगवून सांगता येतात आणि ऐकणाऱ्यालाही त्या आवडतात. मला आज ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे तिला हे भाग्य लाभलेले नाही. ती गाडीच्या पोटाखाली असते, तिच्यावर सदैव चिखलाचे पुट चढलेले असते, आणि बहुसंख्य मोटारमालकांनी तिचे उभ्या आयुष्यात एकदाही दर्शन घेतलेले नसते. अंगठ्याएवढ्या जाडीची, दोन्ही टोकांशी वाकविलेली अशी ती पोलादाची एक सळई आहे. कारखानदार तिला स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात. अमेरिकेत स्वे बार हे नाव रूढ आहे. मी आपल्या सोयीसाठी तिला नुसती ‘सळई’ म्हणणार आहे. या सळईवरून एका बलाढ्य कंपनीची अब्रू वेशीला टांगली गेली आणि एका राष्ट्राला नवा कायदा करावा लागला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु ती फारशी अतिशयोक्ती नाही.

प्रथम तिचे काम समजून घेऊ. आपल्यापैकी कोणी उटीच्या, कोणी मसुरीच्या, कोणी खंडाळ्याच्या घाटातून मोटारीने गेले असतील. गाडी डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलतो आणि आपल्याबरोबर गाडीचे धूडही उजवीकडे कलते. बाहेरच्या अंगाच्या स्प्रिंगा दबतात, आतल्या अंगाच्या सैल पडतात. हे कलणे थांबवावयाचे तर स्प्रिंगा ताठ कराव्यात हा एक उपाय झाला. पण मग प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट प्रवाशांच्या कण्यापर्यंत पोहोचतो. सळईची युक्ती याहून चतुर आहे. ती गाडीला आडवी बसविलेली असते, मधला भाग रबरी आधारांत गाडीच्या सांगाड्याखाली फिरता राहतो आणि दोन वाकविलेली टोके दोन बाजूंच्या चाकांच्या भुजांना जोडलेली असतात. दोन माणसे धोतर पिळावयास उभी राहिली आणि दोघांनीही ते एकाच अंगाला फिरविले, तर धोतर नुसते गरगर फिरेल, पीळ पडणार नाही. एकाने एका अंगाला आणि दुसऱ्याने उलट अंगाला फिरविले की लगेच पीळ बसतो आणि हाताला विरोध जाणवतो. सळईचे नेमके असेच आहे. रस्त्यावरच्या उंचवट्याने दोन्ही चाके एकदम वर उचलली तर ती बिचारी निमूटपणे फिरते. परंतु वळणावर एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की तिला पीळ पडतो आणि ती गाडीला कलण्यापासून आवरून धरते.

एवढ्यावरच गोष्ट संपली असती तर सळईला इतिहास असण्याचे कारण नव्हते. गंमत पुढे आहे. सळई कलणे आवरते ती काही फुकट नव्हे. ज्या जोडीच्या चाकांवर ती बसविली असेल त्या जोडीतल्या आतल्या चाकावरचा भार ती आणखी हलका करते आणि बाहेरच्या चाकावर आणखी लादते. रबरी टायरचा स्वभाव असा की त्याच्यावरचे ओझे दुप्पट केले तरी त्याची रस्त्यावरची पकड काही दुप्पट होत नाही. ती थोडी कमीच भरते. म्हणजे एक चाक हलके व एक जड झाले की त्या जोडीची मिळून पकड घटते. तेव्हा सळई पुढच्या चाकांना लावली तर पुढची पकड कमी होऊन वळणावर गाडीचे नाक बाहेरच्या अंगाला जाऊ लागते. मागच्या चाकांना लावली तर मागचा भाग सुटू पाहतो. जी सळई एका गाडीच्या पुढे लावल्याने जीव वाचेल, तीच तिच्या मागे लावल्याने जीव जाईल. वैद्यकात एकच औषध एका रोग्याला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरते, तसाच हा प्रकार आहे.

या सळईचे पहिले पेटंट 22 एप्रिल 1919 रोजी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन या गृहस्थांना मिळाले. पण त्या काळच्या मोटारींना तिची निकड नव्हती. पुढे आणि मागे दोहोंकडे आरपार आस आणि त्यांच्यावर ताठ पाटे, अशी त्या गाड्यांची बैलगाडीला शोभणारी रचना होती. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत, पण गाडी फारशी कलत नसे. गरज निर्माण झाली ती गाड्या मऊ झाल्यावर. आणि गाड्या मऊ करणाऱ्यांत ज्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल तो मॉरिस ऑली हा अभियंता याच कथेत पुढे दोनदा आपल्याला भेटणार आहे.

ऑली जन्माने वेल्समधला. सर हेन्री रॉइस यांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली, पुढे रोल्स-रॉइसच्या कामासाठी तो अमेरिकेस गेला आणि 1930 मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात दाखल झाला. तेथे त्याने एक मोठी लिमोझिन घेऊन तिच्यावर इकडून तिकडे सरकविता येतील अशी वजने लादली आणि पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचे प्रमाण बदलीत तो व त्याचे सहकारी मैलोगणती हिंडले. गाडीतल्या सुखाचे मोजमाप करावयाचे तर माणसालाच त्या गाडीत बसवून हिंडविले पाहिजे, हा साधा विचार त्यामागे होता. या प्रयोगांतून पुढच्या चाकांची एकमेकांपासून स्वतंत्र अशी मांडणी पुढे आली आणि 1934 च्या नमुन्यांत ती लोकांच्या हाती पडली. प्रवास सुखाचा झाला. पण मऊ स्प्रिंगांची गाडी वळणावर लवते, आणि ती कशी लवते यावर तिचे वागणे अवलंबून राहते, हे त्याबरोबरच ध्यानात आले. सळईला खरी नोकरी मिळाली ती तेव्हापासून. गाडीचे नाक वळणाबाहेर जाऊ लागणे याला ‘अंडरस्टिअर’ आणि मागचा भाग बाहेर फेकला जाणे याला ‘ओव्हरस्टिअर’ हे शब्द रूढ करण्याचे श्रेयही ऑलीकडेच जाते. पहिल्या प्रकारात चालकाला नुसते चक्र आणखी फिरवावे लागते, आणि घाबरून त्याने वेग कमी केला तर बहुधा सारे निभावते. दुसऱ्या प्रकारात चक्र उलट फिरवावे लागते, आणि घाबरलेल्या माणसाने वेगवर्धकावरचा पाय एकदम काढला की प्रकरण आणखी बिघडते. सामान्य चालकाच्या हाती द्यावयाची गाडी पहिल्या प्रकारची असावी, हे 1930 नंतरच्या दशकातच शहाण्या अभियंत्यांना कळून चुकले होते.

आता वीस-पंचवीस वर्षे ओलांडून आपण 1959 च्या शरदऋतूत येऊ. अमेरिकेच्या रस्त्यांवर तेव्हा जर्मनीचे फोक्सवॅगन, म्हणजे आपल्याकडेही ‘बीटल’ या नावाने ओळखले जाणारे ते कासवासारखे वाहन, झपाट्याने पसरत होते. लांबलचक, शेपट्या फुटलेल्या गाड्या बनविणाऱ्या डेट्रॉइटच्या कंपन्यांना छोट्या गाडीचा विचार करणे भाग पडले. फोर्डने फाल्कन काढली, क्रायस्लरने व्हॅलियंट काढली. या दोन्ही गाड्यांची मांडणी चारचौघांसारखी, म्हणजे इंजिन पुढे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाचे प्रमुख एड कोल हे मात्र हौशी व धाडसी अभियंता होते. 2 ऑक्टोबर 1959 रोजी त्यांनी कॉर्व्हेअर नावाची जी गाडी बाजारात आणली, तिचे सहा सिलिंडरांचे, अॅल्युमिनियमचे, हवेने थंड होणारे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसविलेले होते. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याच आठवड्यात कोल यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. गाडी खरोखरच देखणी होती, आतून ऐसपैस होती आणि अमेरिकन कारखानदारीत असे धाडस क्वचितच कोणी केले होते, हे कबूल केले पाहिजे. कॉर्व्हेअरविषयी पुढे जे काही लिहिले गेले त्यात ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

अडचण अशी की गाडीच्या एकूण वजनापैकी साठ टक्क्यांहून अधिक वजन मागे पडत होते, आणि मागची चाके झुलत्या आसांवर बसविलेली होती. झुलता आस म्हणजे काय ते हातांनीच पाहता येईल. दोन्ही हात खांद्यापासून बाजूंना सरळ पसरावेत आणि मनगटापासून तळवे खाली लोंबू द्यावेत. हात म्हणजे आस, तळवे म्हणजे चाके. हात खांद्यातून वर-खाली झाले की तळव्यांचा कोनही बदलतो. वळणावर अशा गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू पाहते आणि टायर आपल्या कडेवर उभा राहतो. पकड एकाएकी संपते. यात नवे असे कोणालाच काही नव्हते. 1953 साली युद्धोत्तर युरोपीय मोटारींविषयी लिहिलेल्या एका तांत्रिक निबंधात, मागे इंजिन व झुलते आस असलेल्या गाड्या हा तोट्याचा सौदा आहे, आणि पुढच्या-मागच्या टायरांत हवेचा दाब कमीजास्त ठेवूनही त्या वाऱ्यात नीट चालविता येत नाहीत, असा स्पष्ट अभिप्राय दिलेला होता. तो निबंध लिहिणारा गृहस्थ म्हणजे आपला मॉरिस ऑली. आणि तेव्हा तो शेव्हरोलेच्याच सेवेत होता.

सरकारी कचेरीत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे या घटनेतला एक भाग मला फार परिचयाचा वाटतो. जाणत्या माणसाचे टिपण फाइलीत असते. कोणी ते खोडून काढीत नाही, त्याच्याविरुद्ध कोणी युक्तिवादही करीत नाही. फाइल पुढे सरकते, आणि टिपण मागे राहते.

कॉर्व्हेअरच्या बाबतीत उपाय सोपा होता. पुढच्या चाकांना सळई लावली असती तर कलण्याचा भार पुढे अधिक जाऊन मागच्या चाकांना दिलासा मिळाला असता. अभियंत्यांनी तिचा विचार केलाही होता. शेव्हरोलेचे चार्ल्स रुबली यांनी 1960 मध्ये मोटार अभियंत्यांच्या संस्थेपुढे बोलताना हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे उत्तरही दिले. सळईने होणारा अल्प लाभ तिच्या खर्चाच्या मानाने पुरेसा वाटला नाही, हे एक कारण. आणि सळईमुळे गाडीत रस्त्याचा आवाज व खडखड वाढली असती, हे दुसरे. हे उत्तर प्रामाणिक आहे. कोणा दुष्टाने अंधारात बसून रचलेला हा कट नव्हता. चारचौघांत, विद्वत्सभेत सांगता येईल असा तो हिशेब होता. मला तर हेच त्यातले भयंकर वाटते.

सळईच्या जागी कंपनीने काय दिले? हवा. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिले होते की थंड टायरांत पुढे चौरस इंचास 15 पौंड आणि मागे 26 पौंड इतका दाब ठेवावा. पुढचे टायर मऊ ठेवले की पुढची पकड आपोआप ढिली पडते आणि मागची त्या मानाने घट्ट राहते; म्हणजे सळईने जे साधावयाचे ते हवेने साधले, आणि तेही फुकट. कागदावर हिशेब बिनचूक होता. पण पंपावर काम करणारा पोऱ्या काही पुस्तिका वाचून हवा भरीत नसतो. पुढचे टायर बसलेले दिसले की तो चारी चाकांत सारखी हवा भरून मोकळा होतो, आणि मालकही त्याला दोन पैसे अधिक देतो. त्या क्षणी कंपनीच्या अभियंत्यांनी योजिलेला सारा तोल नाहीसा होतो आणि ज्याच्या हातात चक्र आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो. जी जबाबदारी कारखान्यात एका सळईवर टाकता आली असती ती अशा रीतीने हजारो अनोळखी माणसांच्या सवयींवर टाकली गेली. विशेष हे की ज्या फोक्सवॅगनशी टक्कर द्यावयाची, तिनेही झुलते आस सोडले नव्हते. पण 1960 च्या नमुन्यापासून तिच्या पुढच्या चाकांना सळई बसलेली होती.

पुढे जे घडावयाचे ते घडू लागले. सप्टेंबर 1961 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एका महिलेची कॉर्व्हेअर उलटली आणि तिला आपला हात गमवावा लागला. खटला उभा राहिला; 1964 मध्ये कंपनीने 70 हजार डॉलर देऊन तडजोड केली. असे शंभराहून अधिक दावे निरनिराळ्या न्यायालयांत दाखल झाले. दरम्यान 1962 पासून पुढची सळई हवी असेल त्याला जादा पैसे भरून मिळू लागली, आणि बाहेरचे कारागीर मागच्या झुलत्या आसांना आवरून धरणारी पट्टी विकू लागले. सेमन नडसेन 1961 च्या अखेरीस शेव्हरोलेचे प्रमुख झाले तेव्हा त्यांनी सळई सर्व गाड्यांना लावण्याचा आग्रह धरला, वरिष्ठांनी खर्चाकडे बोट दाखविले, आणि अखेर राजीनाम्याची भाषा केल्यावर मंजुरी मिळाली, असे जॉन डिलोरियन यांच्या आठवणींवर आधारलेल्या, 1979 मध्ये निघालेल्या पुस्तकात म्हटले आहे. त्याच पुस्तकात खर्चाचा आकडा गाडीमागे 15 डॉलर दिला आहे. डिलोरियन हे कंपनीशी भांडून बाहेर पडलेले अधिकारी. तेव्हा त्यांच्या साक्षीला तेवढी सूट देऊन ती ऐकावी. पण 1964 च्या कॉर्व्हेअरमध्ये पुढे सळई आणि मागे एक आडवा पाटा सर्व गाड्यांना बसविला गेला, याविषयी वाद नाही. सुमारे दोन हजार डॉलरच्या गाडीसाठी चार वर्षे उशिरा आलेले ते शहाणपण होते.

आता योगायोग पाहावा. त्याच 1964 साली, त्याच जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने एका गाडीच्या मागच्या चाकांना सळई लावली. पाँटिअॅक या भाऊबंदाने मध्यम आकाराच्या गाडीत प्रचंड इंजिन घालून जीटीओ नावाची गाडी काढली होती आणि तरुण मंडळी तिच्यावर लुब्ध झाली होती. ओल्ड्समोबिलने उत्तरादाखल पोलिसांच्या पाठलागासाठी म्हणून एक खास संच तयार केला आणि तो सर्वांना विकावयास काढला. चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, चार गतींचा गिअर आणि दोन धुराडी, म्हणून नाव 4-4-2. त्या पहिल्या वर्षी अशा सुमारे 3 हजार गाड्याच बनल्या. ही गाडी शक्तीत जीटीओला मागे टाकणारी नव्हती. परंतु वळणावर ती अधिक चांगली वागते असा तिचा लौकिक झाला, आणि त्याचे श्रेय बव्हंशी मागच्या सळईला दिले जाते. कारण तेथे रोग उलटा होता. जड इंजिन नाकावर असलेली गाडी वळणावर नांगरासारखी सरळ जाऊ पाहते. तिच्या मागच्या बाजूला सळई लावली की मागची पकड किंचित घटते, पुढच्या चाकांना हायसे वाटते, आणि गाडी वळण मानू लागते. एकाच कंपनीच्या दोन विभागांनी एकाच वर्षी एकाच वस्तूचा असा परस्परविरुद्ध टोकांना उपयोग केला आणि दोघांचेही बरोबर होते.

मागच्या सळईचा पुढचा इतिहास हा हौशी लोकांचा इतिहास आहे. 1976 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकावयास आणली. तिचे इंजिन पुढे आणि चालना देणारी चाकेही पुढचीच. कंपनीने तिच्या पुढे व मागे दोहोंकडे सळया दिल्या. वेगाने वळताना तिचे मागचे आतले चाक जमिनीवरून उचललेले दिसे, एखाद्या कुत्र्याने पाय वर करावा तसे. पाहणाऱ्यांना हसू येई, पण गाडीची पकड ज्या पुढच्या चाकांना हवी त्यांना ती पुरेपूर मिळत असे. तेव्हापासून पुढच्या चाकांनी चालणाऱ्या साध्या गाडीला मागे अधिक जाड सळई लावून घेणे हा जगभरच्या हौशी मोटारमालकांचा आवडता उद्योग होऊन बसला आहे. काम दोन तासांचे, खर्च माफक, आणि फरक पहिल्याच वळणावर जाणवणारा.

या उद्योगात एक हिशेब मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सळईची ताठरता तिच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढते. 20 मिलिमीटरची सळई काढून 22 मिलिमीटरची लावली तर डोळ्यांना फरक कळणारही नाही. पण ताठरता मात्र जवळजवळ दीडपट होते. दुकानात दोन सळया शेजारी ठेवून ‘जाड ती चांगली’ असे म्हणणारा गिऱ्हाईक आपल्या गाडीचे वळणावरचे शील किती बदलून घेत आहे याची त्याला कल्पना नसते. कोरड्या रस्त्यावर, भर दुपारी, एकट्याने चालविताना ती गाडी अतिशय चपळ वाटते. मागची आसने भरलेली, सामान लादलेले, पहिल्या पावसाने रस्ता निसरडा झालेला, आणि समोर अचानक म्हैस आडवी आली असता चालकाने वेगवर्धकावरचा पाय एकदम उचललेला, अशा वेळी तीच गाडी शेपूट फिरवू शकते. हौसेने केलेल्या या सुधारणेला माझा विरोध नाही. पण आपण गाडीचा दोष काढीत आहोत की दुसरा दोष विकत घेत आहोत, हे आधी ठरवावयास हवे. 1959 मध्ये कारखान्याने जे ठरविले नाही ते आज मालक आपल्या घरासमोर ठरवितो, एवढाच काय तो फरक.

कॉर्व्हेअरकडे परत वळू. 1965 च्या नमुन्यात शेव्हरोलेने झुलते आस साफ काढून टाकले आणि मागच्या चाकांना संपूर्ण नवी, स्वतंत्र मांडणी दिली. जाणकारांनी तिची मनापासून स्तुती केली. दुखणाईत माणूस अंथरुणातून उठून हिंडूफिरू लागावा आणि त्याच दिवशी त्याच्या मृत्यूची वार्ता छापून यावी, तसे पुढे झाले. 30 नोव्हेंबर 1965 रोजी राल्फ नेडर या एकतीस वर्षांच्या वकिलाचे ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातले केवळ पहिले प्रकरण कॉर्व्हेअरविषयी आहे. बाकीचे साऱ्या मोटार उद्योगाविषयी. अपघात झाला की आपण चालकाला दोष देतो. पण गाडी बनविणाऱ्याने काय केले असते तर हा माणूस वाचला असता, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, असे नेडर यांचे म्हणणे होते.

पुस्तक कदाचित अभ्यासकांपुरतेच राहिले असते. पण जनरल मोटर्सने नेडर यांच्या खासगी आयुष्यात काही डाग सापडतो का हे शोधण्यासाठी गुप्तहेर नेमले, आणि ते उघडकीस आले. 22 मार्च 1966 रोजी सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या उपसमितीपुढे जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांनी या प्रकाराबद्दल माफी मागितली. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनांच्या सुरक्षिततेविषयीच्या कायद्यावर सही केली आणि गाडी किती सुरक्षित असावी हे ठरविण्याचा अधिकार अमेरिकेत प्रथमच केंद्र सरकारकडे आला. खासगी आयुष्यात ढवळाढवळ केल्याबद्दल नेडर यांनी कंपनीवर लावलेला दावा 1970 मध्ये 4 लाख 25 हजार डॉलरवर मिटला.

इतिहासाने येथेच पडदा पाडला असता तर कथा नाटकासारखी रेखीव झाली असती. पण 1966 मध्येच लॉस एंजेलिसच्या एका न्यायालयाने कॉर्व्हेअरच्या रचनेत दोष नाही असा निर्णय दिला होता. आणि 1972 मध्ये, नव्या कायद्यामुळेच अस्तित्वात आलेल्या सुरक्षा यंत्रणेने, जुन्या कॉर्व्हेअरची फाल्कन, व्हॅलियंट, फोक्सवॅगन आणि फ्रान्सची रेनो डोफिन यांच्याशी तुलना करून अहवाल दिला की ही गाडी तिच्या समकालीन गाड्यांहून अधिक बेभरवशाची नव्हती. नेडर यांनी तो अहवाल मान्य केला नाही. कॉर्व्हेअरचे चाहते मात्र आजही तो खिशात बाळगतात. मला त्यांचा राग येत नाही. गाडीवर अन्याय झाला हे त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. तरीपण अहवालाने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्न निराळा होता. शेजाऱ्यांच्या घरांना कठडे नव्हते म्हणून आमच्या गच्चीला कठडा नसणे हा दोष नव्हे, असे त्याचे तात्पर्य निघते. कठडा का बांधला नाही, हे विचारणाऱ्याला रुबलींनी 1960 सालीच उत्तर देऊन ठेवले होते.

कॉर्व्हेअर नेडर यांनी मारली असे सर्रास म्हटले जाते, तेही अर्धेच खरे आहे. एप्रिल 1964 मध्ये आलेल्या फोर्डच्या मस्टँगने तिचा तरुण गिऱ्हाईक आधीच पळविला होता, आणि पुस्तक निघण्यापूर्वीच कंपनीने तिच्यात नवी सुधारणा न करण्याचे ठरविले होते. 1966 मध्ये खप आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आला. तरी गाडी बनतच राहिली. पुस्तकापुढे माघार घेतली असे दिसू नये म्हणून कंपनीने ती चालू ठेवली, असेही काही जाणकार म्हणतात. एकूण सुमारे 18 लाख कॉर्व्हेअर निघाल्या. शेवटच्या वर्षी केवळ 6 हजार बनल्या आणि 14 मे 1969 रोजी मिशिगनमधल्या विलो रन कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली.

अमेरिकेत या गाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्था आहेत. 1960 ते 1963 च्या गाड्यांना आता ते स्वतःच्या खर्चाने पुढची सळई लावून घेतात. ती लावली असली तरी सहलीला निघण्यापूर्वी गाडीभोवती वाकून ते टायरांचा दाब आपल्या हाताने मोजतात. पुढे कमी, मागे अधिक.